घर क्रमांक नऊची निरंक धूळ

प्रति,
मा. विशेष कार्य अधिकारी,
दूषित माती उचल कार्यालय,
सदर, नागपूर.

अर्जदार : चंपतराव गोविंदराव बोरकुटे, सेवानिवृत्त आवक-जावक लिपिक,
घर क्र. ९, शेंदूर कारखान्यामागील ओळ, हिंगणा रस्ता, नागपूर.

विषय : घर क्र. ९ येथे धूळ असल्याचे मान्य करून माझ्या पत्नीस तात्पुरत्या निवासातील खोली मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, "घर क्र. ९ : धूळ निरंक".
२) आपल्याच कार्यालयाचे प्रमाणपत्र, "आदर्श घर".
३) आपल्याच कार्यालयाचे खुलासा मागणारे ज्ञापन.
४) माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच व उत्तरे माझ्याजवळ आहेत, खोली नाही.

महोदय,

१. हा अर्ज लांब झाला आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मी नोकरीभर लोकांचे अर्ज घेतले, त्यांवर शिक्का मारला आणि पुढच्या टेबलावर सरकवले. लांब अर्ज शेवटपर्यंत कोणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मागणी इथेच लिहून टाकतो. माझी पत्नी सौ. जिजाबाई हिच्या अंगात शिसे गेले आहे. तिचे उजवे मनगट लुळे पडले आहे. डॉक्टर म्हणतात, बाईंना आधी त्या धुळीतून बाहेर काढा, मग इंजेक्शने सुरू करू. धुळीत ठेवून दिलेल्या औषधाचा काही उपयोग नाही. धुळीने आजारी पडलेल्यांसाठी आपल्या कार्यालयाने सदरमध्ये तात्पुरत्या खोल्या ठेवलेल्या आहेत. त्यांतली एक आजही रिकामी आहे. ती मिळावी. बाकीचा अर्ज, ती का मिळत नाही, याबद्दल आहे.

२. आपण या पदावर नवीन आहात, म्हणून थोडी मागची हकीकत. आमच्या घरामागे शेंदराचा कारखाना होता. शिसे भट्टीत भाजून शेंदूर करीत. मालकांनी कारखाना बंद केला व ते निघून गेले, माती राहिली. पावसाळ्यात आमची नाली नारिंगी वाहायची आणि आम्ही त्यात काही वावगे मानत नव्हतो. उलट शेंदराच्या वस्तीत राहतो म्हणजे मारुतीरायाची नजर आहे, असेच आमच्याकडे बोलत. पुढे नालीचे पाणी पिऊन दोन म्हशी मेल्या, आणि भोपाळनंतर सरकारला जी जाग आली तीत आमच्याही मातीची तपासणी झाली. कंबरभर माती खोदून ट्रकने दूर न्यायची असे ठरले. ते योग्यच ठरले. माती नेण्याबद्दल माझी तक्रार नाही. नेताना जी उडते तिच्याबद्दल आहे.

३. काम सुरू होण्यापूर्वी आपल्या कार्यालयाने कुंपणालगतच्या घरांना छापील सूचनापत्रक वाटले. खिडक्या बंद ठेवाव्यात. दाराला ओली चादर लावावी. कोरडा झाडू मारू नये. चपला बाहेर काढाव्यात. गच्चीवर शेवया, कुरड्या, पापड वाळू घालू नयेत. कूलर लावू नये, कारण तो बाहेरची हवा आत ओढतो. नागपूरच्या मे महिन्यात खिडक्या लावून कूलरशिवाय बसायचे म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला माहीत नसावे, किंवा तो हिवाळ्यात लिहीत असावा. तरी आम्ही ते पाळले. यंदा आमच्या घरी शेवया झाल्या नाहीत. कूलरची वाळ्याची ताटी काढून माळ्यावर टाकली. सूचना क्रमांक चार अशी होती : "घरातील व ओट्यावरील सर्व वस्तू दिवसातून दोन वेळा ओल्या फडक्याने पुसाव्यात." या सूचनेवर पुढचे सगळे उभे आहे, म्हणून ती जशीच्या तशी उतरवली आहे.

४. माझ्या पत्नीविषयी सांगणे भाग आहे. आम्हांला मूलबाळ झाले नाही. तिने आयुष्यभर घर लख्ख ठेवले. आमच्याकडे पाहुणा आला की आधी फरशीकडे बघतो आणि पाय झटकून मग आत येतो. मी स्वतः नोकरीवरून आलो की ओट्यावरच पाय धुवायचो, नाहीतर माझी काही खैर नसे. सूचनापत्रक आले तेव्हा मी तिला ते वाचून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "यात नवीन काय हाय? हे तर मी लग्न झाल्यापासून करूनच राह्यली." तरी दोन वेळांऐवजी तिने चार वेळा पुसायला सुरुवात केली. सरकारने पहिल्यांदाच तिच्या कामाची दखल घेतली होती, असे तिला वाटले. मला तिची गंमत वाटली होती, हेही नमूद करतो.

५. त्याच सुमारास प्रत्येक घराच्या ओट्यावर आपल्या कार्यालयाने एक पांढरी एनॅमलची ताटली ठेवली. काठावर घराचा क्रमांक लाल रंगाने लिहिलेला. ताटलीत हवेतली धूळ साचायची, दर गुरुवारी आपले मापक श्री. रुपराव यांनी येऊन ती बारीक कुंचल्याने पुडीत भरायची आणि तिचे वजन व्हायचे, अशी ती योजना. ज्या घरी वजन जास्त, तिकडे पाण्याचा टँकर आधी, आडोशाचे तट्टे जास्त, आणि घरात कोणी आजारी असल्यास सदरची खोली. नियम चांगला आहे. मी आपल्या जागी असतो तर मीही हाच केला असता. ताटली कशासाठी आहे, हे मात्र रुपरावांनी सांगितले नाही. मी तेव्हा बाजारात होतो. ते जिजाबाईला फक्त एवढेच म्हणाले, "सरकारी हाय जी बाई, जागची हलवू नका." तिने ती कधीच हलवली नाही. जागच्या जागी पुसली.

६. महोदय, यात तिचे काय चुकले ते मी पुष्कळ दिवस शोधतो आहे. ताटली ओट्यावर होती. वस्तू होती. मळत होती. सूचना क्रमांक चारमध्ये सर्व वस्तू म्हटले आहे, ताटली सोडून असे म्हटलेले नाही. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, दिवे लागणीला एकदा आणि मनात आले की मध्येच एकदा, अशी ती ताटली पुसली जात होती. गुरुवारी रुपराव यायचे, वाकून बघायचे, वहीत लिहायचे आणि निघून जायचे. शेजारी घर क्र. ८ मध्ये ते बराच वेळ कुंचला फिरवत बसत, आमच्याकडे मात्र चहालाही थांबत नसत. मला वाटायचे, माणूस कामचुकार दिसतो. आता त्यांची माफी मागावीशी वाटते. एकदा मी त्यांना विचारलेही होते. ते म्हणाले, "ताटलीत हाय तेच लिहीन ना जी मी? ताटलीत काहीच नाही, तर मी घरून आणू काय?" मी हसलो होतो. पुसणारी आत भांडी लावत होती. तिनेही ऐकले आणि तिलाही आनंदच झाला.

७. अशा रीतीने आमच्या नावापुढे दर आठवड्याला "निरंक" लागत गेले. त्याचे परिणाम क्रमाने झाले. आधी टँकर आमच्या दारापर्यंत येईनासा झाला. आठ नंबरपर्यंत पाणी मारून मागे फिरायचा. मग आमच्या बाजूचे तट्टे काढून जिथे गरज आहे तिथे लावण्यात आले. त्यानंतर ट्रक आमच्याच बाजूने काढू लागले, कारण या बाजूला धूळ होत नाही असे कागदोपत्री सिद्ध झाले होते. ट्रकवर ताडपत्री असते, पण ती बांधलेली नसते, नुसती टाकलेली असते, आणि वळणावर फडकते. ते वळण आमच्या ओट्यासमोर आहे. मी दारात उभा राहून ते बघायचो. खांद्यावरचा दुपट्टा नाकाला लावायचो आणि आत यायचो. आत जिजाबाई फडके घेऊन तयार असायची.

८. गुढीपाडव्याच्या आधी कार्यालयाने कारखान्याच्या फाटकापाशी मांडव घातला आणि धूळ नियंत्रणात सर्वोत्कृष्ट म्हणून घर क्र. ९ यास "आदर्श घर" हे प्रमाणपत्र दिले. जिजाबाईला खण-नारळ दिला. ओळीतल्या बायांना आमच्या घरी आणून दाखवले, की बघा, याच धुळीत राहून असे घर ठेवता येते. तिला माइकपुढे उभे केले. तिला बोलता येईना. मग तिने फडके कसे पिळायचे ते करून दाखवले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रमाणपत्राला मी काचेची चौकट करून आणली. ते देव्हाऱ्याच्या वर लावले आहे. त्या दिवशी ती जेवली नाही, आनंदाने. पोट दुखते म्हणाली, पण ते हसत म्हणाली, म्हणून मी लक्ष दिले नाही.

९. पोटदुखी तेव्हापासूनची आहे. ओवा झाला, हिंग झाला, एरंडेल झाले. पोटात कळ उठली की ती फरशीवर आडवी व्हायची, कळ गेली की उठून जिथे आडवी झाली होती तेवढी फरशी पुसायची. मग हातातून वस्तू सुटू लागल्या. पेला सुटला, पळी सुटली. आमच्या घरात वस्तू खाली पडत नसत. एके दिवशी झाडू उचलायला गेली आणि मनगट वर येईना. हात होता, बोटे होती, पण पंजा लोंबत राहिला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या. तिथे शिशाची निळी रेघ आहे. त्यांनी विचारले, "बाई, शेंदराच्या कारखान्यात कामाला होत्या काय?" ती म्हणाली, "नाही जी. मी घरीच राहते." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले. मी खिडकीकडे बघत होतो.

१०. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी खोलीसाठी आपल्या कार्यालयात अर्ज केला. त्यावर संदर्भ क्र. १ चे पत्र आले : "घर क्र. ९ : धूळ निरंक. सबब आजाराचा धुळीशी संबंध दिसून येत नाही." पत्र पोस्टमनने ओट्यावरच हाती दिले. मी उभ्यानेच मोठ्याने वाचले. जिजाबाई शेजारीच बसली होती. निरंक म्हणजे काय, तिने विचारले. मी म्हणालो, काहीच नाही, शून्य. तिचा चेहरा फुलला. म्हणाली, "मंग? म्या काय म्हटलं होतं?" आणि असे म्हणता म्हणता तिने डाव्या हाताने फडके घेतले आणि ताटली पुसली. मी ते बघितले. त्या ताटलीवर नारिंगी थर होता आणि फडके फिरल्यावर तिथे पांढरे झाले. मी खाली बसलो. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, अजूनही आलेला नाही. नुसते सगळे कळले आणि कळून तिथेच राहिले. निरंक हा शब्द मीही नोकरीत पुष्कळ लिहिला आहे.

११. मी तिला म्हणालो, ही ताटली पुसायची नसते. ती म्हणाली, "दारातलं सरकारी भांडं असं माखलेलं ठेवू काय मी? येणारा-जाणारा मले काय म्हणंन?" मी सगळे समजावून सांगितले. तिने ऐकले. दुसऱ्या दिवशी ताटली पुन्हा पुसलेली होती. मी रागावलो नाही, फक्त विचारले. तेव्हा म्हणाली, "आता हात आपसूक जातो तर मी काय करू? मले तरी कुठं समजून राह्यलं." पुढच्या गुरुवारपर्यंत मी ताटलीजवळ खुर्ची टाकून राखण करणार होतो. पण बुधवारीच रुपराव येऊन ताटली घेऊन गेले. सतत निरंक असलेल्या घरांचे मोजमाप बंद करण्याचा आदेश निघाला होता.

१२. वरील सर्व हकीकत मी दुसऱ्या अर्जात कळवली. मला वाटले होते, वाचणाऱ्याला हसू येईल आणि मग खोली मिळेल. उत्तरादाखल संदर्भ क्र. ३ चे ज्ञापन आले. त्यात म्हटले आहे की ताटली ही ओट्यावरील वस्तू नसून शासकीय उपकरण आहे. ते वारंवार पुसून सौ. बोरकुटे यांनी शासकीय मोजमापात हस्तक्षेप केला. सबब खुलासा करावा. ज्ञापनावर आपल्या आधीच्या ज्या अधिकाऱ्यांची सही आहे, त्यांचीच प्रमाणपत्रावरही सही आहे. मी दोन्ही सह्या जवळ ठेवून पाहिल्या. सही छान आहे. खुलासा सादर केला आहे. त्यात एवढेच लिहिले, की तिला सांगितले होते हलवू नका, तिने हलवली नाही.

१३. घर क्र. ८ च्या मीराबाईंचा उल्लेख तक्रार म्हणून करीत नाही. बाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत. झाडू हातात घेण्यापेक्षा ओट्यावर बसून चार गोष्टी करणे त्यांना बरे वाटते. त्यांच्या ताटलीत पुडीभर धूळ निघायची. त्यांच्या यजमानांना खोकला आहे, तो बिडीचा आहे हे ओळीत सर्वांना माहीत आहे. त्यांना सदरची खोली मिळाली. परवा त्या जिजाबाईला बघायला आल्या. तिचा हात मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "झाडलं नाही म्हणून खोली भेटली वं मले. सासू जिती असती तर तिनं घरातून काढलं असतं, अन् सरकारनं बोलावून खोली देल्ली." जिजाबाई हसली. मग मीराबाई रडल्या. त्यांनी स्वतःची खोली आम्हांला देऊ केली. कार्यालयात विचारता कळले की खोली दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. जी एक रिकामी आहे ती रिकामीच आहे.

१४. दुसरीकडे का जात नाही, असे आपण विचाराल. तिचे बंधू देवराव पारशिवनीला असतात. ते न्यायला आले होते. पण इंजेक्शने रोज नागपुरात घ्यायची आहेत आणि या अंगाने रोजची एस.टी. तिला झेपणार नाही. भाड्याच्या खोल्या बघितल्या. पत्ता सांगितला की घरमालक विचारतात, म्हणजे ते शेंदराच्या मातीचे का? आणि दार लोटतात. त्यांनाही लहान लेकरे आहेत. मी वाद घातला नाही.

१५. आता पुराव्याबद्दल. धूळ होती याचा पुरावा द्या, असे आपल्या कार्यालयाचे म्हणणे पडले. ताटलीवरची धूळ गेली कुठे, हा प्रश्न मी जिजाबाईला विचारला. तिने जे सांगितले ते मला माहीत नव्हते. ते फडके ती नालीत पिळत नव्हती. वाटीत पिळायची. पाणी निवळले की वरचे ओतून द्यायची आणि खाली बसलेला नारिंगी गाळ डबीत ठेवायची. शनिवारी तो तेलात कालवून ओळीच्या टोकाला कडुनिंबाखाली जो मारुती आहे त्याला लावायची. मी म्हणालो, काहून? ती म्हणाली, "शेंदूर हाय तो. पायदळी कसा येऊ देऊ, तुमीच सांगा." तिने तो हातानेच कालवला आणि हातानेच लावला. डॉक्टरांना हे मी अजून सांगितलेले नाही.

१६. म्हणजे घर क्र. ९ ची सर्व धूळ मारुतीवर आहे. या हंगामात मारुती जाड झाला आहे. पूर्वी त्याचे डोळे आणि नाक बोटाला लागायचे, आता सगळे सपाट झाले आहे. तो थर काढून वजन करावा, तेल वजा करावे आणि उरेल ते आमच्या नावावर धरावे, असा मी तिसरा अर्ज केला. आपण रुपरावांना पाठवले. ते आले, चपला काढल्या, नमस्कार केला, कुंचला बाहेर काढला आणि परत ठेवला. मग मला म्हणाले, "देवाले खरडून मोजू काय मी? माह्याच्यानं नाही होत जी." त्यांनी अहवालात "मूर्ती. मोजमाप शक्य नाही" असे लिहिले. त्यांचा दोष नाही, माझ्यानेही झाले नसते. त्यानंतर आपल्या कार्यालयाने कळवले की मूर्तीच्या मालकाचे ना-हरकत पत्र आणावे. तिथे गुरव नाही, विश्वस्त नाही, जागा सरकारी आहे. मारुतीचा मालक कोण, हे कृपया कळवावे, म्हणजे त्याच्याकडे रीतसर अर्ज करता येईल.

१७. गेल्या आठवड्यात आपण मला समक्ष भेट दिलीत, बसायला सांगितलेत, त्याबद्दल आभारी आहे. आपण म्हणालात की एकच घर आदर्श आणि बाधित असे दोन्ही राहू शकत नाही. आदर्श म्हणून जाहीर झालेल्या घरी आजार मान्य केला तर वर काय उत्तर द्यायचे? सौ. बोरकुटे यांनी स्वखुशीने प्रमाणपत्र परत केले तर खोलीचा पुनर्विचार होईल. आपण हे सरळपणे सांगितलेत. मी घरी जाऊन तिला तसेच्या तसे सांगितले.

१८. ती तयार झाली नाही. म्हणाली, "माह्या नावाचा जगात हा एकच कागद हाय. हात गेला तर जाऊ द्या, पण मले खोटी नका ठरवू." मी तिला समजावले नाही. मला तिचे पटले होते आणि हातही दिसत होता. त्या दिवसापासून आम्ही दोघे त्या विषयावर बोललो नाही. मी स्वयंपाक करतो, तिला भरवतो, तिची वेणी घालतो. वेणी मला नीट येत नाही. घर मी पुसतो, पण तिच्यासारखे नाही. ती बसल्या जागेवरून कोपरा दाखवते, मी पुसतो, आणि ती मान फिरवते. मला फार वाईट वाटावे अशा या गोष्टी आहेत. वाटते कमी. ट्रक गेला की खिडकीची तावदाने वाजतात, तेवढी ऐकू येतात.

१९. काल सकाळी तिला स्वतःचे कुंकू लावता आले नाही. डाव्या हाताने प्रयत्न केला, तोही थरथरला. कुंकू मी लावले, ते वाकडे लागले. तिने आरशात बघितले आणि म्हणाली, "द्या तो कागद परत. पण त्यायले लिवा, का घर साफ होतं." मी विचारले, नक्की? ती म्हणाली, "लिवा ना." म्हणून हा अर्ज लिहीत आहे.

२०. सबब पुढीलप्रमाणे विनंती आहे. संदर्भ क्र. २ चे प्रमाणपत्र मूळ प्रतीत, चौकटीसह परत करीत आहोत. ते रद्द करावे. संदर्भ क्र. १ मधील "निरंक" हा शेराही रद्द करावा. दोन्हींच्या जागी, घर क्र. ९ मध्ये धूळ होती आणि ते घर स्वच्छ होते, अशी एका ओळीची नोंद घ्यावी. या दोन गोष्टी एका घरी असू शकतात. आमच्या घरी होत्या. आणि सौ. जिजाबाई हिला सदरची रिकामी खोली द्यावी. डॉक्टर म्हणतात, लवकर हलवले तर मनगट परत येण्याची आशा आहे. उशिरा हलवले तर काय, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

२१. एक शेवटची बाब. प्रमाणपत्र मी खिळ्यावरून उतरवले तेव्हा त्याच्या काचेवर धूळ होती. तिचा हात गेल्यापासून तिथवर कोणी पोचले नव्हते. मी देव्हाऱ्यापर्यंतच पुसतो. काचेतून "आदर्श घर" ही अक्षरे दिसत नव्हती. ती म्हणाली, "असं माखलेलं देऊ नका, आधी पुसा." मी नाही म्हणालो. आमच्या संसारात पुसण्याच्या कामी मी तिला पहिल्यांदाच नाही म्हणालो, आणि ती खूप रडली. चौकट जशी होती तशी वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवी धरून आणली आहे. आपल्या टेबलावर ती हळू उघडावी. शिपायाने सवयीने फडके मारू नये, अशी ताकीद द्यावी. रुपरावांना कुंचला घेऊन बोलवावे.

आपल्या कार्यालयाच्या बाकावर बसलेला,

चंपतराव गोविंदराव बोरकुटे

दिनांक : १८ मे १९८७
नागपूर

प्रमाणपत्र परत करण्यास संमती :
सौ. जिजाबाई चंपतराव बोरकुटे, निशाणी डाव्या अंगठ्याची.
(सौ. बोरकुटे या चौथी शिकलेल्या असून त्यांना सही येते. सध्या हात उचलत नाही. अंगठा मी धरून उठवला आहे.)

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी.
२) छापील सूचनापत्रक, सूचना क्रमांक चार अधोरेखित.
३) ज्ञापनाची नक्कल.
४) "आदर्श घर" प्रमाणपत्र, मूळ, काचेच्या चौकटीसह. न पुसलेले.